बाळकुम नाक्यावरचा अर्थतज्ज्ञ

बाळकुम नाक्यावर माझा बॅनर लागला तेव्हा तो एवढा मोठा होता की मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भरदुपारी दिवे लावावे लागले. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. अजून ते माझ्याशी बोलत नाहीत. बॅनरचा वरचा सगळा भाग आमच्या थोरल्या काकाचा. हात जोडलेले, कपाळाला टिळा, गळ्यात अशी चेन की तिने होडी बांधावी. खाली डाव्या कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, मी. फोटो चुलतभावाच्या हळदीतला. काळा गॉगल, गालांना हळद आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. हाताचा मालक छापणाऱ्याने कापून टाकला होता, हात मात्र तसाच ठेवला होता. आणि मधोमध लाल-पिवळ्या अक्षरांत: 'आपल्या गावचे सुपुत्र, सुप्रसिद्ध अर्थतज्ज्ञ यांचे हार्दिक अभिनंदन!'

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो. अभ्यासक्रम पाच वर्षांचा होता.

ही पाच वर्षांची भानगड आधी सांगतो, कारण सगळी मारामारी तिथूनच सुरू झाली. बारावी झाली की सरळ आत शिरायचं आणि बी.ए., एम.ए. एकाच दमात करून बाहेर पडायचं. कागदावर त्याला एकात्मिक पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणतात, आम्ही इंटिग्रेटेड म्हणायचो. त्यात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एक खिडकी ठेवलेली. ज्याला धाप लागली असेल त्याने बी.ए. घेऊन तिथून उडी मारावी. ज्याला पुढे जायचंय त्याने राहावं. काय ठरलं ते विभागात जाऊन सांगावं. मला उडी मारायची नव्हती. बस, एवढीच माझी मागणी. या मागणीवरून आमच्या घरात जे झालं त्यापुढे भाऊबंदकीचे दावे म्हणजे भातुकली.

कारण आमच्या गावात डिग्री तीन वर्षांची असते, जसा आठवडा सात दिवसांचा असतो. त्यात कुणाचं मत विचारत नाहीत. पाच वर्षं एकाच कॉलेजात जाणारा पोरगा दिसला की गाव मनातल्या मनात वजाबाकी करतं: दोनदा नापास. मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हाच एका आजीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून सांगितलं होतं, "नको रडू बाला, सगल्यांनाच नाय जमत." मी रडत नव्हतो. आईस्क्रीम खात होतो.

आणि आमच्याकडे बॅनर हा विषय हलका नाही. माणूस जन्मला की बॅनर, वर्षाचा झाला की बॅनर, गाडी घेतली की गाडीचा. शर्यतीच्या एका बैलाच्या वाढदिवसाला जो बॅनर लागला होता त्यात बैलालाही गॉगल घातलेला. माझ्या फोटोपेक्षा त्या बैलाचा फोटो चांगला आला होता, हे मी आजही मान्य करतो. काकाला नगरसेवक व्हायचं होतं. त्यामुळे घरात काहीही घडलं की त्याचा हात आधी छापखान्याच्या फोनकडे जायचा. माझं तिसरं वर्ष संपत आलं, त्याने बोटांवर मोजलं आणि मला न विचारता बॅनर लावून टाकला. त्याच्या मते तो वेळेवरच लावला होता.

आता दुसरी आघाडी. आमचा विभाग कल्याणला. तिथे एक मॅडम होत्या, वर्तकनगरला राहणाऱ्या. अंगाने बारीक, मानेने ताठ, आणि मराठी अशी की प्रत्येक वाक्य इस्त्री करून बाहेर काढायच्या. मुलांना 'तुम्ही' म्हणायच्या आणि ते 'तुम्ही' कानाखाली बसायचं. पहिल्या दिवशी त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, अर्थशास्त्रच का? कुणी म्हणालं देशाची सेवा, कुणी म्हणालं बँक. मी म्हणालो, "मॅडम, घरी सगळ्यांकडे पैसा आलाय, पण कसा आला ते कुणालाच माहीत नाहीये."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "कुठले तुम्ही?"

"बाळकुम."

"अच्छा," त्या म्हणाल्या. त्या एका 'अच्छा'मध्ये त्यांनी माझे सात पिढ्यांचे वाडवडील उभे करून परत बसवले.

खरी लढाई पेटली ती खंडावरून. खंड म्हणजे जमिनीच्या मालकाला, केवळ जमीन त्याची आहे म्हणून, मिळणारं उत्पन्न. मॅडम फळ्यावर रेघा ओढत सांगत होत्या: शहर वाढतं, रस्ता येतो, पूल येतो, मालक घरात बसलेला असतो आणि जमिनीची किंमत त्याच्यासाठी आपोआप चढत जाते. "मालकाने यात काय केलं?" त्यांनी विचारलं आणि खडू खाली ठेवला. अख्ख्या वर्गाने माना वळवून माझ्याकडे पाहिलं. पंख्याची पातीसुद्धा थांबून माझ्याकडे बघत होती, आईशप्पथ.

बरं, बघणार कुणाकडे? आमच्या आजोबांनी मिठागरात पाय कुजवले, भातशेती केली. काकाने खाडीकडचं शेत विकून उरलेल्यावर तीन इमारती उभ्या केल्या आणि तेव्हापासून तो खुर्चीतून उठला तो फक्त हळदीत नाचायला.

माझ्या पुढच्या बाकावर डोंबिवलीचा एक मुलगा बसायचा. वर्गात पहिला. डब्यातल्या पोळीच्या घड्यासुद्धा कोनमापकाने घातलेल्या. तो मागे वळून म्हणाला, "काय शेठ, भाडी गोळा करायला कधी निघताय?"

"तुझी बिल्डिंग कुठे आहे रे?" मी विचारलं. "हवेत? तीपण कुणाच्यातरी शेतातच उभी आहे ना? तो माणूस शेतातून उठला म्हणून तू आज गॅलरीत तुळस लावतोयस."

"फुकट उठला काय तो?"

"तू विचारायला गेलेलास काय?"

"बास," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "आवाज भरपूर आहे. पुरावा?"

"देतो ना मॅडम."

"पुरावा प्रबंधात देतात. प्रबंध पाचव्या वर्षी असतो. तोवर तुम्ही इथे असाल असं मला वाटत नाही. तुमच्यासारखे तिसऱ्या वर्षीच उतरतात. त्यांना गरज नसते."

त्या दिवशी मी बाळकुम ते कल्याण या रस्त्यावरच्या सगळ्या खड्ड्यांना शिव्या घालत बाईकवरून घरी आलो. भिवंडीच्या गोदामांच्या जाममध्ये एवढा वेळ अडकलो की शेजारच्या ट्रकमधल्या ड्रायव्हरला दाढी फुटताना मी डोळ्यांनी पाहिली. तिथेच ठरवलं. पाचवं वर्ष गाठायचं. प्रबंध बाळकुमवर लिहायचा. आमच्या लोकांनी जमिनी का विकल्या, कशा विकल्या आणि मग त्यांचं काय झालं, हे लिहून त्या बाईंच्या टेबलावर आपटायचं. अर्थशास्त्राचं प्रेम वगैरे काही नाही. मला त्यांना हरवायचं होतं आणि हरवायचं हत्यार त्यांच्याच कपाटात होतं.

आणि नेमका असा बेत केलेला असताना काकाने बॅनर लावला.

मॅडम ठाण्याहून कल्याणला एसटीने जायच्या. ती एसटी बाळकुम नाक्यावरूनच जाते, आणि नाक्यावर सिग्नल असा आहे की एसटी तिथे थांबते तेव्हा लोक उतरून चहा पिऊन परत चढतात. म्हणजे मॅडमना बॅनर नीट वाचता आला, दोनदा वाचता आला. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या, पुस्तक उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आज शिकवताना मला जरा संकोच वाटतोय. आपल्यात एक सुप्रसिद्ध अर्थतज्ज्ञ बसलेले आहेत."

डोंबिवलीकर उभा राहिला आणि वाकून माझ्या पायांना हात लावायला निघाला. मी लाथ उगारली. हुकली.

"खांद्यावरचा हात कुणाचा आहे?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही मॅडम."

"तुमच्या सगळ्या स्रोतांचं असंच असतं," त्या म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

संध्याकाळी मी घरी आलो तो पेटलेलाच. काका ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, पायाशी आमचा तपकिरी कुत्रा. मी म्हणालो, "काका, तो बॅनर उतरव. अजून दोन वर्षं हायत माझी."

काकाने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून विचारलं, "कितव्यात लटकलास?"

"लटकलो नाही! कोर्सच पाच वर्षांचा आहे. पहिल्या दिवसापासून सांगतोय!"

"आरं, मना काय शिकवतस? सगल्या पोरांची तीन वर्सांत झाली. तुझीच कशी पाच?"

"पुढचीपण डिग्री त्यातच आहे."

"मंग ती पुढची ठेव तिथंच. एक झाली ना? बॅनरवर कनची डिग्री लिवलीय काय? अर्थतज्ज्ञ लिवलाय. झाला अर्थतज्ज्ञ. आता उद्या तू परत दफ्तर घेऊन नाक्यावरून गेलास तर लोकं मना काय बोलतील? याचा अर्थतज्ज्ञ शालेत जातो?"

इथे मी मोठी चूक केली. मी काकाला अर्थशास्त्र शिकवायला गेलो. म्हटलं, याला बुडीत खर्च म्हणतात. जो खर्च होऊन गेला, परत येणार नाही, त्याच्याकडे बघून पुढचा निर्णय घ्यायचा नसतो. बॅनरचे पैसे गेले ते गेले. माझ्या दोन वर्षांचा विचार वेगळा करायचा.

काकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे माझा बॅनर बुडीत?" आणि पायातली चप्पल काढून अशी भिरकावली की मी वाकलो, ती माझ्या डोक्यावरून जाऊन रस्त्यापलीकडच्या टेम्पोत पडली आणि टेम्पो चालू झाला. ती चप्पल भिवंडीला राहते.

आई आतून भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "भावजी, पोराला शिकू द्या. आणि तू रे, मोठ्यांशी बोलताना ते पुस्तक बाहेर ठेवत जा." आमच्या आईची ही पद्धत. न्याय करते आणि दोघांनाही शिक्षा देते.

काकाने शेवटचं सांगितलं: "जून उजाडल्यावर कॉलेजात दिसलास तर या घरात मी तुझ्याशी बोलनार नाय." बाबा तिथेच होते. थोरल्या भावासमोर ते आयुष्यात कधी बोललेले नाहीत. तेव्हाही त्यांनी फक्त वर्तमानपत्राचं पान उलटलं, तेही जपून, आवाज होणार नाही असं.

नाक्यावर तर रोजची वरात. चहावाला कटिंग देताना विचारायचा, "अर्थतज्ज्ञ, साखर किती टाकू, महागाई बघून सांगा." शाळेत माझ्याच वर्गात असलेले, आता रेती-विटांचा धंदा करणारे मित्र हॉर्न वाजवून ओरडायचे, "ए सुप्रसिद्ध! रुपया का पडला रे?" काकाच्या विरोधी गटाने तर पसरवून टाकलं की पोरगा नापास झालाय आणि झाकायला बॅनर लावलाय. म्हणजे मी पुढे शिकलो की नापास आणि थांबलो की पास. अर्थशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात अशी परिस्थिती नाही. शोधलीय मी.

शेवटी मी वैतागलो. खरंच सांगतो, थकलो. म्हटलं, खड्ड्यात गेला प्रबंध. विभागात कळवायचा शेवटचा दिवस होता. बाईक काढली आणि खिडकीतून उडी मारायचं सांगायला कल्याणला गेलो.

मॅडमच्या खोलीत गेलो तर त्या पुढे जाणाऱ्या मुलांचे प्रबंधाचे मार्गदर्शक आतापासूनच ठरवत होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "बी.ए. घेऊन जाताय. बरोबर आहे. मी तुम्हाला धरलंच नव्हतं." आवाजात राग नव्हता, टोमणासुद्धा नव्हता. एखाद्याने दुकानाचं शटर ओढावं इतकं साधं. शेजारी डोंबिवलीकर उभा होता. तोही हसला नाही. नुसती दया होती त्याच्या चेहऱ्यावर. लाथ हुकल्याचं मला त्या क्षणी जेवढं वाईट वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं.

"धरा," मी म्हणालो.

"काय?"

"मला धरा. मी पुढे चालू ठेवतोय. विषय बाळकुम. मार्गदर्शक तुम्ही."

"मार्गदर्शक विद्यार्थ्यांनी निवडायचा नसतो—"

"मग तुम्हीच निवडा मला. पुरावा मागितलेला ना?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्यात काही फरक पडलेला दिसला नसावा. "आवाज कमी करा आणि बसा," त्या म्हणाल्या.

काका शब्दाचा पक्का. जून उजाडला आणि त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. पण घर एक, ओटा एक, काही ना काही सांगावंच लागायचं. म्हणून तो कुत्र्याशी बोलू लागला. "त्याला सांग, बाईक आडवी लावलीय." "त्याला सांग, रात्री लायटी जालून वाचू नको, बिल कोन भरतंय?" मीही मग कुत्र्यालाच उत्तर द्यायचो. दोन वर्षांत त्या कुत्र्याला आमच्या घरातलं राजकारण एवढं पाठ झालं की निवडणुकीला तोच उभा राहिला असता तर निवडून आला असता. काकाला तर तिकीटही मिळालं नाही, आणि त्याचं कारण म्हणून घरात अर्थातच माझं नाव घेतलं गेलं. कुत्र्यामार्फत.

बॅनर मात्र उतरला नाही. तो उतरवणं म्हणजे विरोधकांना कबुली देणं. पालिकेची गाडी यायची, आजूबाजूचे सगळे बॅनर खेचून न्यायची आणि याला हात लावायची नाही, बहुधा एवढा मोठा टेम्पो त्यांच्याकडे नसावा. उन्हाने आधी काकाची चेन गेली, मग काका गेला, मग मी. शेवटी उरला खांद्यावरचा तो हात आणि 'अर्थतज्ज्ञ'.

प्रबंधासाठी मी गावात घरोघर फिरलो. जमीन का विकली, एवढाच प्रश्न. एकाने कुत्रा सोडला, आमचा नव्हे, दुसरा. एकाने विचारलं, कुठल्या बिल्डरने पाठवलं? एका मावशीने चिंबोऱ्यांचा रस्सा वाढला, पोट फुटेस्तोवर खायला घातलं आणि शेवटी म्हणाली, "जमीन? कनची जमीन?" आणि त्यांच्याच टॉवरच्या लिफ्टपर्यंत मला सोडायला आली. महिनोन्‌महिने फिरून माझ्या हाताला लागला तो फक्त खोकला.

उरलं एकच घर. आमचं.

एका संध्याकाळी मी ओट्यावर कुत्र्यासमोर बसलो. "त्याला विचार," मी म्हणालो, "खाडीकडचं शेत का विकलं?"

काकाने खुर्ची रस्त्याकडे वळवली. समोर आमच्याच इमारतीचे भाडेकरू भाजीच्या पिशव्या घेऊन आत जात होते. मग तो कुत्र्याला म्हणाला, "त्याला सांग, बाजूच्याने विकलं. त्याच्या बाजूच्याने विकलं. भराव टाकला, पानी आपल्या शेतात शिरलं. भात सडला. मंग मी काय करायला पायजे होतं ते त्याच्या पुस्तकात लिवलंय काय, ते वाचून दाखव म्हनावं."

मी कुत्र्यासमोरच वही उघडली.

"आनि त्याला सांग," काका उठता उठता म्हणाला, "सही केली त्या रात्री बापूस माझ्याशी बोलला नाय. मरेपर्यंत नाय बोलला. आमच्याकडं तवा कुत्रापन नव्हता."

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मॅडमनी मला असं सोललं की बाहेरच्या परीक्षकाने मध्येच मला पाणी दिलं. पद्धत कच्ची, नमुना लहान, भाषा भडक. सगळं खरं होतं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे उत्पन्न आयतं आहे की नाही?"

"आयतं आहे, मॅडम. पण शेजारच्याने विकल्यावर न विकणाऱ्याचं पीक सडत होतं. 'मालकाने काय केलं' असं तुम्ही विचारलं होतं. त्याला करायला काही उरलंच नव्हतं."

त्यांनी मिटलेला प्रबंध परत उघडला. "हे वाक्य निष्कर्षात का नाही? मागे कुठेतरी पुरून ठेवलंय." आणि परीक्षकांकडे वळून म्हणाल्या, "यांना पहिल्यापासूनच मांडणी येत नाही." त्यांच्या तोंडून माझी झालेली ही एकमेव स्तुती.

पास झालो. चांगला झालो. डोंबिवलीकर पहिला आला, तो येणारच होता. मी निकाल घेऊन घरी आलो, पेढे आईच्या हातात दिले आणि ओट्यावर जाऊन उभा राहिलो. दोन वर्षं ज्या बॅनरच्या नावाने बोटं मोडली तोच आता मला हवा होता. मोठा. दुसऱ्या मजल्यावर अंधार करणारा. या वेळी तर खरं होतं ना सगळं!

"त्याला सांग," मी म्हणालो, "एम.ए. झालो. नाक्यावर काही लावायचं असेल तर लाव."

काकाने पेढा खाल्ला. दुसरा घेतला. "त्याला सांग, एकदा लावलाय. आता परत लावला तर लोकं बोलतील पयला खोटा होता."

मी अख्खा अभ्यासक्रम आठवून पाहिला. मग मीही एक पेढा उचलला.

आठवड्याभराने मॅडमचा फोन आला. प्रबंध छापायला द्यायचाय, निष्कर्ष परत लिहून पाठवा, एवढं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आज एसटी नाक्यावर थांबली होती. तुमचा बॅनर पाहिला. तोच आहे की हो. खांद्यावरच्या हातासकट."

"रंग उडालेला असेल मॅडम, जुना—"

"जुना काय, रंग नुसता चकाकतोय."

मी चप्पल न घालता नाक्यावर धावलो. खरंच. तेच शब्द, तोच काका, तीच चेन, हळदीतला मी, तो बेवारस हात. अक्षराचाही बदल नाही, सगळं नवं कोरं छापून त्याच खांबांना बांधलेलं. दुसऱ्या मजल्यावर दिवे लागलेले. खाली काका उभा, दोरी ताणून बघत, शेजारी कुत्रा.

मला पाहून काका कुत्र्याला म्हणाला, "त्याला सांग, जुनाच हाय. रंग उडालेला म्हनून परत छापला."

"त्याला सांग," मी म्हणालो, "माझा फोटो या वेळेलासुद्धा बारीकच ठेवलाय."

कुत्र्याने काकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचं मत दिलं. बॅनरच्या खांबापाशी गेला आणि पाय वर केला.